मास्तरांचं गोडं पाणी

मला गुजराती वाचता येतं. येतं म्हणजे अक्षरं ओळखता येतात. तलासरीच्या एका आश्रमशाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि तिथून गुजरातची हद्द सायकलवर जाऊन येण्याइतकी जवळ. दुकानांच्या पाट्या, खताच्या पोत्यांवरच्या सूचना, एस.टी.च्या खिडकीतून दिसणाऱ्या जाहिराती, सगळं अर्धं या लिपीत नि अर्धं त्या लिपीत. डोक्यावरची रेघ पुसली की निम्मी अक्षरं आपलीच निघतात हे एकदा लक्षात आलं आणि महिनाभरात मी ती लिपी शिकलो. बोलायचं म्हटलं तर मात्र "केम छो" आणि "सारुं छे" एवढ्यावर माझी गाडी संपते. मी मूळचा सिन्नरकडचा.

सासरच्या माणसांचं नेमकं उलटं. घर धाकट्या डहाणूत, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. सासूबाई होत्या तेव्हा सुकी मासळी घेऊन उंबरगाव-संजाणच्या बाजाराला जायच्या, आणि त्यांच्या मागे पदर धरून माझी बायको. घरात सगळे घडाघडा गुजराती बोलतात, गुजरातीत घासाघीस करतात, वेळ पडली तर भांडतातही. वाचता मात्र एकालाही येत नाही. त्यामुळे एखादं औषध, एखादं यंत्र त्या बाजूने घरात आलं की मेहुणा म्हणायचा, "भावजी, बगा जरा काय लिवलंय." मग मी खिशातून चष्मा काढणार, पुसणार, ओळीवर बोट फिरवणार, आणि वाचून न दाखवता थेट अर्थ सांगणार. ही खोड शिक्षकाची. वर्गात कुणी धडा वाचायला उभं राहिलं की मला राहवायचं नाही, मी मध्येच "म्हणजे काय, तर" म्हणून सुरू व्हायचो. या एका खोडीपायी माझ्या सासऱ्यांचं समुद्रावर जाणं मी जवळजवळ बुडवलं होतं.

सासरे तांडेल होते, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. साठ-पासष्ट वर्षं समुद्रावर काढली. मग ऐंशी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात गुडघे, रक्तदाब आणि लघवी या तिघांनी मिळून त्यांना किनाऱ्यावर आणून बसवलं. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि लघवीसाठी माझ्या बायकोने समुद्र बंद केला. त्यांना दर अर्ध्या तासाला जावं लागतं, आणि मासेमारीच्या बोटीवर त्याची सोय म्हणजे बोटीची कड. तिथे तोल सांभाळत उभं राहायचं वय गेलेलं. मीठ गेल्याबद्दल ते रोज दोन्ही वेळच्या जेवणाला शिव्या द्यायचे. समुद्राबद्दल काही बोलायचे नाहीत. फक्त रविवारी मी त्यांना पेपर वाचून दाखवत असलो की मध्येच विचारायचे, "मास्तर, हवा साफ हाय. महालक्ष्मीचा सुळका दिसत असंल ना आता भायेरनं?" ते मला मास्तरच म्हणतात. आणि पेपर मी वाचायचा, कारण त्यांचा चष्मा नेमका रविवारी सापडायचा नाही.

त्या सुळक्याचं कारण असं. डहाणूच्या समुद्रात त्यांची एक जागा होती. किनाऱ्यापासून बरंच आत गेल्यावर मागे वळून बघायचं. दूरचा महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका आणि अलीकडची वीजघराची चिमणी एकामागे एक आली की आपण बरोबर रेषेवर आहोत. त्या रेषेवर पाण्याखाली खडक आहे, आणि त्या खडकाला घोळ मासळी लागते. चिमणी नव्हती तेव्हा तिच्या जागी एक उंच ताड धरायचे. ही जागा त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलेली. एकदा जाऊन तिथे उभं राहून यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मासे नकोत, जाळंही नको. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं, कारण मुलीला सांगायची त्यांची छाती नव्हती.

अशात मेहुण्याने एक जुनी लाँच आणली. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचं काय होणार आणि मासेमारीचं काय होणार यावर गावात रोज वाद चालायचा. मेहुणा म्हणाला, वाद तुम्ही करा, मी बोर्डी-डहाणूला येणाऱ्या पाहुण्यांना समुद्र दाखवतो. लाँच गुजरातेतल्या कुठल्याशा बंदरात साहेब लोकांची ने-आण करणारी. तिला केबिन, केबिनमध्ये गादीचे बाक, कोपऱ्यात ओटा, ओट्याला नळ, आणि दार लावून बसता येईल असा संडास, त्यात बेसिन आणि फवारा. घरातल्यासारखं प्रेशरचं पाणी. नळ उघडला की पंप आपोआप सुरू, बंद केला की बंद. निदान तिच्या तरुणपणी तसं होत असणार. आता नळ उघडला की आतून एक झुरळ येत होतं.

तरी सासऱ्यांनी संडास पाहिला आणि ते दारातच उभे राहिले. दार उघडून लावून पाहिलं, कडी घालून पाहिली. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "आता तर घर हाय यात."

बायको काय समजायचं ते समजली. म्हणाली, "संडासात नळाला पाणी येऊ दे. मी स्वतः बघीन. आलं तर बाबा जातील, नाही आलं तर विषय बंद."

मेहुणा परवान्याच्या कागदांमागे पालघरला खेटे घालत होता आणि उरलेला वेळ इंजिनात डोकं घालून बसायचा. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त, विज्ञानाचा माणूस, आणि पंपाचं चित्र फळ्यावर किमान शंभर वेळा काढलेला. मी म्हणालो, "एक रविवार द्या मला." पाच रविवार लागले.

पहिल्या रविवारी मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. हा भाग सोपा होता. खाऱ्या हवेने तारांची टोकं हिरवी पडली होती. ती पॉलिशपेपरने घासली, नवी जोडली, आणि पंप घरघरत सुरू झाला. सासरे वर डेकवर खुर्चीत बसले होते, तिथून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी आलं नाही, पण टाळ्या झाल्या.

त्याच दिवशी मला ती पट्टी दिसली. पंपाच्या आधी पाइपावर तीन तोंडांचा एक कॉक होता. दांडा डावीकडे केला तर एका पाइपाचं पाणी, उजवीकडे केला तर दुसऱ्या. मागे पितळेची पट्टी. उजव्या बाजूची अक्षरं घासून गेलेली, डाव्या बाजूला मात्र गुजरातीत दोन शब्द स्पष्ट. मेहुण्याने वरून ओरडून विचारलं, "काय लिवलंय, भावजी?"

मी चष्मा काढला, पुसला, बोट फिरवलं, आणि अर्थ सांगितला. "मिठाचं पाणी! ही बाजू समुद्राची. डेक धुवायला वगैरे असणार."

"मंग ती नको," मेहुणा म्हणाला.

"अर्थात," मी म्हणालो आणि दांडा उजवीकडे करून एका सुतळीने पक्का बांधून टाकला, चुकून कुणाचा हात लागायला नको म्हणून. मला अजून ती सुतळीची गाठ आठवते. फार छान बसली होती.

मग आशागडच्या एका टँकरवाल्याकडून विहिरीचं पाणी आणून डेकवरच्या तोंडातून टाकी काठोकाठ भरली. दुसऱ्या रविवारी पंप चालू केला. तो चालला, चालतच राहिला, आणि नळातून फक्त एक उसासा आला. मी निदान केलं की पंप हवा ओढतोय. झाकण उघडून पंपात तांब्याने पाणी भरलं. जिथे जिथे जोड होता तिथे तिथे उघडून वॉशर बदलला, टेप गुंडाळली. पंपाआधीच्या गाळणीचं झाकण चिरलेलं होतं, ते नवीन आणलं. या सगळ्यात मी डहाणू रोडच्या हार्डवेअरवाल्याकडे इतक्या वेळा गेलो की तो मला बघितल्यावर आपणच वॉशरची बरणी काढायचा. नळातून उसासे येतच राहिले.

तिसऱ्या रविवारी सासरे गुडघे धरून चार पायऱ्या खाली उतरले. पंपावर त्यांनी तळहात ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ह्याला खायाला मिळत नाय, मास्तर. ह्याचं तोंड कुटंतरी दाबलंय."

मला जरा राग आला. इतके वॉशर मी बदललेले, आणि हे डोळे मिटून निदान करणार. पण पाइपावर हात ठेवून मागे मागे गेलो तर तळाच्या फळीखाली, अगदी आत, खरंच एक कॉक होता आणि तो बंद होता. पाइप तिथून पुढे अंधारात जात होता. तो नक्की कुठे जातो हे बघायचं तर फळीखाली पोटावर सरपटावं लागलं असतं, आणि माझं पोट त्या कामाचं नाही. मी ठरवलं की तो टाकीकडे जातो. पान्हा लावून कॉक फिरवला. एक झटका बसला, पंपाचा आवाज घट्ट झाला आणि वर ओट्याचा नळ धो धो वाहायला लागला.

मी आनंदाने ओरडलो. सासरे ओरडले. शेजारच्या बोटीवर जाळं विणत बसलेली दोन माणसं काही कारण नसताना ओरडली. मी संडासातला फवारा सोडला आणि खाली कपड्यांसकट भिजलो. आयुष्यात मी कितीतरी मुलांना दहावी पास केलं असेल, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता एकच कुरकुर उरली. सगळे नळ बंद असतानाही पंप दर दोन मिनिटांनी आपला आपण टुक्‌ करून सुरू व्हायचा आणि बंद व्हायचा. यावर मात्र मी खरोखर शास्त्रशुद्ध काम केलं, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्याविषयी कुणी चांगलं बोलत नाही. आधी प्रत्येक नळाखाली कोरडा कागद ठेवला. फवाऱ्याखालचा कागद ओला झाला, तिथला वॉशर बदलला. मग पंपाशेजारचा लाल डबा तपासला. त्यात हवा कोंडलेली असते, ती पाण्याला दाबून धरते आणि पंपाला सारखं उठावं लागत नाही. त्याची हवा गेली होती. त्याला सायकलच्या ट्यूबसारखाच वॉल होता. मी तलासरीहून सायकलचा पंप आणला आणि हवा भरली. पंप गप्प झाला. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर गाणं म्हणत होतो, असं बायको सांगते.

चौथ्या रविवारी बायको तपासणीला आली. तिने संडासाचं दार लावून घेतलं, आतून पाणी सोडल्याचा आवाज आला, मग बेसिनचा. बाहेर येऊन म्हणाली, "पाणी येतंय. साबण कसला आणलाय हा? फेसच येत नाही."

"स्वस्तातला असेल," मी म्हणालो.

खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे मी तीस वर्षं मुलांना तोंडपाठ करायला लावलं होतं. परीक्षेत कारणे द्या म्हणून विचारलं होतं. लिहिलं नाही त्यांचे दोन मार्क कापले होते. माझे कुणी कापले नाहीत. मी दुसरा साबण आणला.

आणखी एक. टाकीला बाजूने एक पारदर्शक नळी होती, आत किती पाणी आहे ते दाखवणारी. इतके दिवस धुणं-पुसणं, भिजणं, तपासणी होऊनही नळीतलं पाणी केसभर खाली आलं नव्हतं. मी मेहुण्याला नळी दाखवली आणि म्हणालो, "बघा, नीट वापरलं तर पाणी किती पुरतं." आणि पाणी वाया घालवण्यावर त्याला दहा मिनिटं सुनावलं. त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

आणि तरीही मला शंका आली नाही, याचा कळस पाचव्या रविवारी झाला. गाळणी साफ करायला उघडली तर जाळीवर भाताच्या दाण्याएवढी कोळंबी वळवळत होती. इकडे तिला जवळा म्हणतात. एक नाही, सात-आठ. मी ती कागदाच्या पुडीत बांधली आणि तडक आशागडला टँकरवाल्याच्या दारात गेलो.

"हे काय आहे?" मी पुडी उघडून त्याच्यासमोर धरली.

"जवला," तो म्हणाला. "ताजा दिसतोय."

"तुमच्या विहिरीच्या पाण्यात निघाला."

त्याने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पुडीकडे पाहिलं. "सर," तो अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्या विहिरीत जवला असता तर मी पाणी विकत बसलो असतो काय? सुकवून पोती नसती भरली?"

मी त्याला स्वच्छतेवर चार गोष्टी ऐकवल्या. त्याने मला चहा पाजला. परत येताना मला एवढं कळत होतं की त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण मग माझं काय चुकतंय हे शोधायला परत फळीखाली जायचं माझ्या जिवावर आलं. घरी मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बाबांचं जाणं दोन दिवसांवर आलं होतं, आणि पाणी येत होतं.

मंगळवारी सकाळी भरतीबरोबर आम्ही चौघे निघालो. मेहुणा चाकावर, सासरे त्याच्या शेजारी खुर्चीत, डोक्याला जुना लाल रुमाल बांधून, बायको केबिनमध्ये औषधांची पिशवी घेऊन. निघताना मेहुण्याने पिण्याच्या पाण्याचा कॅन चढवायला घेतला होता. मी तो धक्क्यावरच ठेवायला लावला. "कॅन कशाला? काठोकाठ टाकी आहे," मी म्हणालो. पाच रविवारांच्या कामाचा हा अपमान मला नको होता.

खाडीचं तोंड मागे पडलं, पाणी मातकटाचं हिरवट झालं. सासरे दोनदा संडासात जाऊन आले आणि दोन्ही वेळा बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फस्‌क्लास." मग बायकोने चहा केला. बाबांना दूध चालत नाही म्हणून सगळ्यांनाच कोरा, गवती चहा घातलेला. नळाचंच पाणी घे, असं मी मुद्दाम सांगितलं होतं.

मेहुण्याने एक घोट घेतला आणि तोंडातला चहा बोटीच्या बाहेर उडवला. मी घेतला आणि मला उडवायलाही सुचेना, तो घोट तसाच तोंडात धरून उभा राहिलो. बायको आमच्याकडे बघत म्हणाली, "काय झालं?" आणि तिनेही घेतला. मग तिने बाबांकडे पाहिलं.

सासऱ्यांनी चहा बशीत ओतला होता. त्यांनी तो फुर्र करून ओढला, थांबले, बशीकडे पाहिलं आणि उरलेला एका दमात संपवला. रुमालाने ओठ पुसून म्हणाले, "तीन वर्सांनी तोंडाला चव आली."

"बाबा!" बायको किंचाळली. "मीठ आहे त्यात! अहो, हे काय पाणी आहे? बोट फिरव रे, बोट फिरव आधी!"

मेहुण्याने वेग कमी केला. बायकोचं म्हणणं चूक नव्हतं. मीठ बंद असलेला ऐंशीच्या वरचा माणूस, बशीभर समुद्र पोटात, आणि बोटीवर पिण्याचं थेंबभर पाणी नाही. कॅन मीच धक्क्यावर ठेवला होता. सासऱ्यांनी रिकामी बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. पाच रविवार हा माणूस माझ्या डोक्यावर खुर्ची टाकून बसला होता, नळातून उसासे येत होते तेव्हाही टाळ्या वाजवत होता, आणि आता त्याच्या जागेच्या अर्ध्या वाटेवरून मी त्याला परत नेत होतो. मला इतकी लाज वाटली की मी उत्तर द्यायच्या ऐवजी खाली पंपाकडे गेलो.

बायको मागोमाग आलीच. "टाकीत गोडं पाणी भरलं होतं ना? मग नळाला खारं कुठून येतंय?"

"तेच बघतोय. समुद्राची बाजू तर मी पहिल्या दिवशीच बंद केली. सुतळीने बांधली." मी पट्टी दाखवली. "इथे लिहिलंय बघ. मिठाचं पाणी."

ती वाकली, पट्टीकडे पाहिलं. अक्षरं तिला परकी. मग ती हळू म्हणाली, "तुम्ही अर्थ सांगू नका. लिहिलंय काय, ते वाचा. मोठ्याने."

मी चष्मा न पुसताच वाचलं. "मीठुं. पाणी."

मग वरून मेहुण्याचं हसू आलं, असं की चाक सुटलं की काय वाटावं. बायको खाली फळीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. वरून सासऱ्यांचाही आवाज आला, खोकल्यासारखा, पण खोकला नव्हता.

"अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "मीठुं म्हणजे गोड! मीठुं पाणी म्हणजे गोडं पाणी, प्यायचं! संजाणच्या बाजारात मी पाच वर्षांची असल्यापासून मागतेय."

"मग मिठाला काय म्हणतात?"

"मिठाला पण मीठुंच म्हणतात."

"मग कुठलं कुठलं, हे कळणार कसं?"

"बोलणाऱ्याला कळतं," ती म्हणाली.

तीस वर्षं एका घरात मी वाचणारा आणि ते समजणारे. एकदा, एकच वेळा, मी मोठ्याने वाचलं असतं तर पहिल्याच रविवारी पाच मिनिटांत काम झालं असतं. बायकोने गाठ सोडायचा प्रयत्न केला. ती सुटेना, इतकी छान बसली होती. शेवटी सुरीने कापली. फळीखालचा तो कॉक टाकीचा नव्हताच, समुद्राचं तोंड होता. मी दांडा डावीकडे केला, सगळे नळ सोडून पाइपातलं खारं पाणी वाहून जाऊ दिलं, आणि पारदर्शक नळीतली पातळी पहिल्यांदा हलताना बघितली. बायकोने ओंजळ धरली, चाखलं, परत चाखलं. आशागडच्या विहिरीचं गार, गोड पाणी. टँकरवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली. पुढच्या आठवड्यात जाऊन समोरही मागितली.

तिने बाबांना तांब्याभर पाणी पाजलं, पिशवीतून यंत्र काढून दंडाला पट्टा बांधला, दोनदा रक्तदाब मोजला. मग यंत्र परत पिशवीत ठेवलं. भावाला म्हणाली, "जाऊ दे पुढे. पण तासाभरात परत."

जागेजवळ आलो तेव्हा बायको केबिनमध्ये नवीन चहा टाकत होती आणि मेहुणा चाकावर होता. सासऱ्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. ते कठड्याला धरून उभे होते, तोंड किनाऱ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, सुळका कुटं हाय, चिमनी कुटं हाय?"

हवा साफ होती. दोन्ही लख्ख दिसत होती. मी म्हणालो, "हे काय, समोरच तर आहे. म्हणजे आपण आता जवळजवळ..."

"अर्थ नको," ते म्हणाले. "दिसतंय तसं वाचा."

तेव्हा मला कळलं. रविवारी न सापडणारा चष्मा, डोळे मिटून पंप ऐकणं, सुळका दिसत असेल ना, हे सारखं मला विचारणं. त्यांना किनारा दिसतच नव्हता. कधीपासून, कोण जाणे. मुलीला कळलं असतं तर संडासासारखी आणखी एक अट पडली असती, आणि ही अट कुठल्या वॉशरने सुटणारी नव्हती. मी कठडा घट्ट धरला आणि वाचायला लागलो.

"चिमणी सुळक्याच्या उजवीकडे आहे. चार बोटं."

"दक्षिनेला घे," ते मागे न बघता मुलाला म्हणाले.

"तीन बोटं. दोन."

"हळू."

"एक बोट. अर्धं." मी शब्दाला शब्द जोडत होतो आणि अर्थाच्या वाटेला जात नव्हतो. "चिमणी सुळक्याला टेकली. आता बरोबर खाली आली."

"बंद कर," ते म्हणाले. मेहुण्याने इंजिन बंद केलं. बोट हलत राहिली, पाणी तळाला चापट्या मारत राहिलं. तांडेल मान थोडी वर करून उभे होते, त्यांना न दिसणाऱ्या सुळक्याकडे तोंड करून.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "तो तुमचा कॉक," ते कुजबुजले, "एकदा परत फिरवा. बशीत आना जरासं. तिला दिसू देऊ नका."

मी खाली गेलो. दांडा उजवीकडे केला, संडासातला नळ सोडला, पंप घरघरला. बशीत त्या जागेचं पाणी घेऊन वर आलो आणि पाठ केबिनकडे करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोट बुडवलं, आधी कपाळाला लावलं, मग जिभेला.

"मीठुं," ते म्हणाले.

कुठल्या अर्थाने, ते मी विचारलं नाही.